सौताड्याचा फोटो खरा की खोटा? जामखेडच्या परिसरात मोबाइल घेऊन करता येतील असे सहा प्रयोग

ऑगस्ट लागला की जामखेडच्या आसपासच्या गावांमध्ये स्टेटसवर एकच फोटो फिरायला लागतो. हिरवीगार दरी, काळ्या कातळावरून कोसळणारं पांढरंशुभ्र पाणी आणि वर भरून आलेलं आभाळ. हा सौताड्याचा धबधबा. जामखेडहून बीडकडे निघालं की जिल्ह्याची हद्द ओलांडल्यावर लगेच येतो. विंचरणा नदी इथे दरीत उडी घेते. दरीत रामेश्वराचं मंदिर आहे. हीच विंचरणा पुढे जामखेड शहरातून वाहते.

हा फोटो पाहून कुणीतरी उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडी काढतं. तिथे पोहोचल्यावर समोर असतो कोरडा कातळ. मग कमेंट पडते, "फोटोत तर काय भारी दिसत होतं, इथे तर काहीच नाही."

आता याच्या उलटी तक्रार बघा. भर पावसाळ्यात तिथे उभा असलेला माणूस दहा फोटो काढतो आणि वैतागून मोबाइल खिशात टाकतो. "डोळ्यांना एवढं भारी दिसतंय, फोटोत का येत नाही?"

एकाला फोटो जास्त सुंदर वाटतो, दुसऱ्याला कमी. पण दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. डोळा आणि कॅमेरा एकसारखं बघत नाहीत. हौशी फोटोग्राफर वर्षानुवर्षं जे प्रयोग करत असतात, ते नेमके याच फरकाशी खेळायचे प्रयोग असतात. त्यासाठी महागडा कॅमेरा लागतोच असं नाही, काश्मीरला जायचीही गरज नाही. जामखेड, खर्डा, चोंडी, सौताडा एवढा परिसर पुरेसा आहे. हे प्रयोग काय आहेत आणि त्यामागचं विज्ञान काय सांगतं, तेच समजून घेऊ.

आधी थोडा इतिहास: फोटोच्या आधीचा फोटो

जामखेड हा अहिल्यानगर जिल्ह्याचा एका टोकाचा तालुका. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे अकोले, आणि तिथे हरिश्चंद्रगड. या दोन टोकांमधला दुवा म्हणजे हरिश्चंद्र-बालाघाट ही डोंगररांग. सह्याद्रीपासून फुटून ती पूर्वेकडे येते, जामखेडच्या बाजूने बीडकडे जाते आणि तिच्याच उतारावर सौताड्यासारख्या जागा तयार होतात.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर कधी कधी एक अजब दृश्य दिसतं. पाठीमागे सूर्य, समोर खाली धुकं आणि त्या धुक्यात आपल्या सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य. याला 'इंद्रवज्र' म्हणतात. कर्नल विल्यम साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने दख्खनच्या हवामानावर लिहिलेला लेख १८३५ साली प्रसिद्ध झाला. त्यात हरिश्चंद्रगडावरून दिसलेल्या या गोल इंद्रधनुष्याचं वर्णन आहे. पण फोटो नाही, कारण फोटोग्राफीची जाहीर घोषणाच मुळी १८३९ साली पॅरिसमध्ये झाली. साइक्स यांच्याकडे शब्दांशिवाय दुसरा पुरावा नव्हता.

त्यानंतर मात्र ही कला भारतात फार लवकर आली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली आणि तिच्या सुरुवातीच्या भारतीय सदस्यांमध्ये डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी ही नावं होती. दोघेही पेशाने डॉक्टर. म्हणजे आपल्याकडच्या फोटोग्राफीची सुरुवात ज्यांनी केली, त्यांच्यात 'आपलं काम सांभाळून हौस करणारे' लोक पहिल्यापासून होते.

आता प्रयोगांकडे येऊ.

प्रयोग पहिला: एकच जागा, तीन वेळा

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त शिकवणारा प्रयोग हाच. एक जागा निवडायची. शेताचा बांध, गावाबाहेरची टेकडी, काहीही चालेल. तिथून सूर्योदयाच्या वेळी, दुपारी बारा वाजता आणि सूर्यास्ताच्या वेळी एकेक फोटो काढायचा. मोबाइल तोच, दिशा तीच.

दुपारचा फोटो बहुतेक वेळा सपाट येतो. कारण ऊन थेट वरून पडतं आणि सावल्या पायाखाली जातात. जमिनीचा चढ-उतार आपल्याला सावलीमुळे कळतो. सावली गेली की टेकडीसुद्धा पुठ्ठ्यासारखी दिसते. जामखेड साधारण १८.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस इथे सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी सरळ उभ्या खांबाची सावली काही क्षण दिसतच नाही.

सकाळ-संध्याकाळचं गणित वेगळं. सूर्य क्षितिजावर असतो तेव्हा त्याच्या प्रकाशाला हवेच्या कितीतरी जाड थरातून यावं लागतं. सूर्य डोक्यावर असताना जेवढी हवा वाटेत असते, त्याच्या सुमारे ३८ पट. या प्रवासात निळा प्रकाश विखुरला जातो आणि पिवळा-तांबडा उरतो. शिवाय प्रकाश आडवा येत असल्यामुळे प्रत्येक ढेकळाला, प्रत्येक कणसाला सावली मिळते. यालाच फोटोग्राफर 'गोल्डन अवर' म्हणतात.

पण इथे एक गंमत आहे. यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ युरोप-अमेरिकेतले असतात आणि ते सांगतात, गोल्डन अवर म्हणजे तासभर. जामखेडला तेवढा वेळ मिळत नाही. विषुववृत्ताच्या जितकं जवळ, तितका सूर्य क्षितिजावरून सरळ वर चढतो. मार्च किंवा सप्टेंबरमध्ये जामखेडला सूर्य क्षितिजापासून ६ अंश वर यायला साधारण २५ मिनिटं घेतो. लंडनमध्ये त्यालाच जवळपास ४० मिनिटं लागतात आणि डिसेंबरात तर तिथे भर दुपारीही सूर्य १५ अंशांच्या आसपासच असतो. थोडक्यात, आपल्याकडचा 'गोल्डन अवर' हा 'गोल्डन अर्धा तास' आहे. सूर्य उगवल्यावर घरातून निघालं तर खेळ संपलेला असतो. उजाडायच्या आधी जागेवर असावं लागतं. जामखेडला मे-जूनमध्ये सूर्योदय साधारण पावणेसहाच्या सुमारास होतो आणि जानेवारीत सात वाजून जातात, हे लक्षात ठेवलं तर गजर लावणं सोपं जातं.

प्रयोग दुसरा: धबधब्याचं पाणी रेशीम कसं होतं?

सौताड्याचे दोन प्रकारचे फोटो दिसतात. एकात पाण्याचा थेंब न् थेंब हवेत गोठलेला असतो. दुसऱ्यात पाणी दुधासारखं, रेशमाच्या कापडासारखं दिसतं. धबधबा तोच, फरक फक्त शटर स्पीडचा.

शटर म्हणजे कॅमेऱ्याची पापणी असं समजा. ती सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती उघडली, तर तेवढ्या वेळात थेंब फारसा हलत नाही आणि गोठल्यासारखा दिसतो. पापणी अर्धा किंवा एक सेकंद उघडी राहिली, तर त्या वेळेत थेंब बराच खाली जातो आणि आपल्या वाटेवर एक पांढरी रेघ सोडतो. अशा हजारो रेघा एकावर एक पडल्या की रेशीम तयार होतं.

मजा अशी की माणसाच्या डोळ्याला यातलं काहीच दिसत नाही. आपल्याला ना गोठलेला थेंब दिसतो, ना रेशीम. मग यातला 'खरा' फोटो कोणता? दोन्ही खरे आहेत. फक्त वेळेचे तुकडे वेगवेगळ्या लांबीचे कापले आहेत.

मोबाइलवर हे करताना अडचण येते ती उजेडाची. बहुतेक मोबाइलच्या लेन्सचं तोंड लहान-मोठं होत नाही. भर उन्हात शटर एक सेकंद उघडं ठेवलं तर फोटो पांढराफटक होतो. यावर उपाय तीन. पहिला, ढगाळ हवेत किंवा अगदी सकाळी जायचं. दुसरा, लेन्ससमोर 'एनडी फिल्टर' नावाची काळी काच लावायची. तिसरा देशी जुगाड, म्हणजे लेन्ससमोर उन्हाचा गॉगल धरायचा. रंग थोडा बदलतो, पण प्रयोगापुरतं काम होतं. तुमचा गॉगल 'पोलराइज्ड' असेल तर तो हळूहळू फिरवून बघा. ओल्या दगडावरची आणि पानांवरची चमक कमी होते आणि खालचा खरा रंग वर येतो.

आणि हो, मोबाइल हलता कामा नये. ट्रायपॉड नसेल तर एखाद्या सपाट दगडावर टेकवून, तीन सेकंदांचा टायमर लावून फोटो काढायचा. बटण दाबताना बसणारा धक्कासुद्धा फोटो बिघडवायला पुरेसा असतो.

प्रयोग तिसरा: खर्ड्याचा किल्ला आणि पांढरं पडणारं आभाळ

जामखेड तालुक्यातलं खर्डा हे गाव इतिहासात प्रसिद्ध आहे ते मार्च १७९५ च्या लढाईमुळे. सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात मराठा सरदारांच्या एकत्रित फौजेने इथे हैदराबादच्या निजामाचा पराभव केला आणि निजामाला खर्ड्याच्या भुईकोट किल्ल्याचा आसरा घ्यावा लागला.

हा किल्ला फोटोग्राफीच्या एका जुन्या कोड्यासाठीही उत्तम आहे. दरवाजाच्या कमानीच्या आत, सावलीत उभं राहून बाहेरच्या उजेडाचा फोटो काढून बघा. कमान नीट आली तर बाहेरचं आभाळ पांढरं पडतं. आभाळ निळं आलं तर कमान काळीकुट्ट होते. डोळ्यांना मात्र दोन्ही स्पष्ट दिसत असतं.

असं का होतं? आपली नजर एका जागी स्थिर नसते. ती सावलीत गेली की बाहुली मोठी होते, उजेडात आली की लहान होते आणि मेंदू हे सगळं जोडून एक चित्र उभं करतो. कॅमेऱ्याचा सेन्सर एका क्षणात एकच माप घेतो. सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ भागातला जेवढा फरक तो एका वेळी पकडू शकतो, त्याला 'डायनॅमिक रेंज' म्हणतात. मोबाइलचा सेन्सर नखाएवढा, त्यामुळे ही क्षमता आणखी कमी.

हे कोडं नवीन नाही. १८५० च्या दशकात गुस्ताव ल गे नावाचा फ्रेंच फोटोग्राफर समुद्राचे फोटो काढत होता, तेव्हा त्याच्यापुढेही हाच प्रश्न होता. त्याने तोड काढली. समुद्रासाठी एक निगेटिव्ह, आभाळासाठी दुसरी, आणि कागदावर दोन्ही जोडून एक चित्र. आज मोबाइलमधलं 'एचडीआर' हेच काम करतं. तुम्ही एकदा बटण दाबता, मोबाइल वेगवेगळ्या उजेडाचे अनेक फोटो घेतो आणि त्यांना जोडून एक फोटो तुमच्या हातात देतो. म्हणजे 'मी काही एडिट केलेलं नाही' असं आपण म्हणतो, तेव्हाही मोबाइलने आपल्या आधी एडिटिंग केलेलंच असतं.

यावर साधा नियम आहे, उजेडासाठी फोटो काढा. स्क्रीनवर आभाळावर बोट टेकवायचं आणि उजेडाची पट्टी खाली ओढायची. फोटो काळपट आला तरी चालेल. काळोखात दडलेले तपशील नंतर बऱ्यापैकी बाहेर काढता येतात, पण एकदा पांढरं पडलेलं आभाळ परत येत नाही. तिथे माहितीच उरलेली नसते.

किल्ल्याच्या भिंतींवर ऊन कधी कसं पडेल, याचंही एक गणित आहे. आपण सहज म्हणतो सूर्य पूर्वेला उगवतो, पण तो नेमक्या पूर्वेला वर्षातून दोनदाच उगवतो. जामखेडच्या अक्षांशावर जूनमध्ये तो पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेला सरकतो आणि डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला. उत्तरायण-दक्षिणायन आपण पंचांगात वाचतो, ते किल्ल्याच्या भिंतीवर प्रत्यक्ष दिसतं. जी भिंत जूनच्या सकाळी उजळते, ती डिसेंबरात सावलीत असू शकते. त्यामुळे एकदा फोटो फसला म्हणून जागा वाईट ठरत नाही, महिना चुकलेला असतो.

प्रयोग चौथा: माळरानात 'काहीच नाही', त्याचा फोटो कसा काढायचा?

हा प्रयोग सगळ्यात अवघड. धबधबा किंवा किल्ला असला की फोटोला विषय मिळतो. पण जामखेड, कर्जत हा पर्जन्यछायेचा भाग. इथलं रोजचं दृश्य म्हणजे मुरमाड माळ, बोडक्या टेकड्या, ज्वारीची शेतं. बहुतेक हौशी लोक म्हणतात, 'आमच्याकडे फोटो काढण्यासारखं काय आहे?'

यात अर्धा दोष लेन्सचा आहे. मोबाइलचा मुख्य कॅमेरा रुंद बघतो, साधारण ७० अंशांच्या आसपास. एवढं सगळं एका छोट्या चौकटीत बसवायचं म्हणजे लांबची टेकडी मुंगीएवढी होणार. डोळ्यांचं तसं नसतं. आपलं लक्ष टेकडीवर गेलं की बाकीचं सगळं आपण विसरतो.

याचा सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे पौर्णिमेचा चंद्र. उगवताना तो परातीएवढा वाटतो आणि फोटोत येतो टिकलीएवढा. कारण आभाळात चंद्राची रुंदी फक्त अर्धा अंश आहे. मोबाइलच्या फ्रेमच्या रुंदीचा तो सुमारे दीडशेवा भाग होतो. तो मोठा दिसतो हा मेंदूचा भास आहे. मग लोक बुरुजाएवढ्या चंद्राचे फोटो कसे काढतात? जवळ जाऊन नाही, लांब जाऊन. १० मीटर उंचीची एखादी इमारत किंवा बुरुज चंद्राएवढा दिसायला हवा असेल, तर त्यापासून सुमारे १.१ किलोमीटर मागे जावं लागतं आणि तिथून झूम करावं लागतं. मागे गेल्यावर बुरुज लहान होतो, चंद्र मात्र तेवढाच राहतो. एवढंच ते गुपित.

माळरानासाठीही हीच युक्ती दोन्ही बाजूंनी वापरता येते. एक तर झूम करून लांबच्या टेकड्या एकामागे एक रचायच्या. हिवाळ्यातल्या सकाळी मागची प्रत्येक टेकडी पुढच्यापेक्षा फिकी दिसते, कारण मध्ये हवा आणि धूळ असते. या फिकेपणामुळेच फोटोला खोली येते. नाहीतर उलट करायचं. गुडघ्यावर बसायचं आणि ज्वारीचं एखादं कणीस, वाळलेलं गवत, तडा गेलेली जमीन लेन्सच्या अगदी जवळ घ्यायची. मग मागचं 'काहीच नाही' हेच आभाळ आणि अंतर बनून कामाला येतं.

शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरी इथे १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य जाहीर झालं. जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं हे गवताळ रान. 'ओसाड' म्हणून आपण ज्या जागेकडे पाठ फिरवतो, ती कुणाचं तरी घर असते, हे तिथे गेल्यावर कळतं. माळाचा चांगला फोटो हेच काम करतो.

प्रयोग पाचवा: रात्र, ध्रुवतारा आणि दोन मुठी

मोठ्या शहरांपासून लांब असण्याचा एक फायदा जामखेडला आहे, तो म्हणजे काळोख. गावाच्या दिव्यांपासून चार-पाच किलोमीटर बाहेर गेलं की तारे वाढलेले दिसतात.

उत्तरेकडे तोंड करून हात लांब करा, मूठ आडवी धरा. एका मुठीची उंची साधारण १० अंश भरते. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवली की दोन मुठींच्या जरासं खालीच ध्रुवतारा सापडतो. कारण ध्रुवताऱ्याची उंची जवळपास आपल्या अक्षांशाएवढी असते, जामखेडला साधारण पावणेएकोणीस अंश. आता मोबाइल किंवा कॅमेरा ट्रायपॉडवर लावून त्या दिशेचे तासभर सलग फोटो काढले आणि एखाद्या मोफत ॲपने ते एकावर एक ठेवले, तर सगळे तारे ध्रुवाभोवती कमानी काढताना दिसतात. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्याचा हा फोटो.

आकाशगंगा हवी असेल तर उलट करायचं, तोंड दक्षिणेकडे. तिचा सगळ्यात तेजस्वी भाग जामखेडहून क्षितिजाच्या सुमारे ४२ अंश वर येतो. लंडनहून तो १० अंशही वर येत नाही. म्हणजे या बाबतीत जामखेडचा माळ युरोपातल्या अनेक प्रसिद्ध जागांपेक्षा सरस आहे. यासाठी उत्तम काळ म्हणजे पावसाळ्याआधी, एप्रिल-मे महिन्यातली अमावस्येच्या आसपासची मध्यरात्र ते पहाट. मोबाइलच्या 'प्रो मोड'मध्ये शटर १० ते १५ सेकंद ठेवायचं. त्यापेक्षा फार वाढवलं तर तारे ठिपक्यांऐवजी रेघा होतात.

प्रयोग सहावा: बारा महिने, एकच फ्रेम

हा प्रयोग दिसायला कंटाळवाणा आहे, पण सगळ्यात मोलाचा. दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला, त्याच दगडावर उभं राहून, तोच फोटो काढायचा. सौताड्याची दरी, जामखेडमधली विंचरणा, चोंडीजवळची सीना, गावचा तलाव, काहीही चालेल.

पहिले दोन महिने काहीच वाटत नाही. वर्षाने बारा फोटो शेजारी ठेवले की कळतं, पाणी नेमकं कोणत्या महिन्यात आलं, किती दिवस टिकलं, हिरवा रंग कधी गेला. पाच वर्षं केलं तर तो फोटो राहत नाही, नोंद बनते. आल्प्स पर्वतातल्या हिमनद्या किती मागे सरकल्या, हे शास्त्रज्ञांना कळलं ते याच पद्धतीने. जुन्या फोटोची जागा शोधून तिथेच उभं राहून नवा फोटो काढायचा. या पद्धतीला 'रिपीट फोटोग्राफी' म्हणतात आणि ती १९व्या शतकाच्या अखेरीपासून वापरात आहे.

ज्या तालुक्यात पाऊस किती पडला यावर वर्षाचं गणित ठरतं, तिथे अशा नोंदीची किंमत वेगळी सांगायला नको.

मग एडिटिंग म्हणजे फसवणूक का?

पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे येऊ. सौताड्याचा तो फोटो खरा की खोटा?

जगप्रसिद्ध अमेरिकन फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्स यांचा एका गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो आहे, १९४१ सालचा. त्याची निगेटिव्ह एकच. पण पुढच्या अनेक वर्षांत डार्करूममध्ये त्यांनी त्याच्या प्रती काढताना आभाळ अधिकाधिक गडद करत नेलं. चंद्र तिथे होता, गाव तिथे होतं. त्यांनी प्रकाश कमी-जास्त केला, वस्तू आणून ठेवल्या नाहीत. निसर्ग फोटोग्राफीत बहुतेक लोक रेषा इथेच आखतात. उजेड आणि रंग सावरणं चालतं. मे महिन्याच्या कोरड्या कातळावर ॲपने पाणी सोडणं, नसलेला चंद्र चिकटवणं किंवा एआयने ढग बनवणं, हे करायचं असेल तर तसं सांगावं. ती कला असू शकते, पण तो त्या जागेचा फोटो राहत नाही.

पण सौताड्याच्या बाबतीत गोंधळ होतो तो एडिटिंगमुळे नाही. फोटो खरा असतो, तारीख गायब असते. ऑगस्टचा फोटो एप्रिलमध्ये पुन्हा टाकला जातो आणि खरा फोटो खोटं बोलायला लागतो. 'जागा: सौताडा, महिना: ऑगस्ट' एवढ्या चार शब्दांनी कुणाचं तरी पेट्रोल वाचतं.

एक पाऊल मागे

या सगळ्यात एक गोष्ट फोटोपेक्षा मोठी आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या परिसरात अचानक वाढलेल्या पाण्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तेव्हा रायगड जिल्ह्यातल्या कुंभे धबधब्याजवळ रील बनवण्यासाठी गेलेल्या तरुणीचा दरीत पडून मृत्यू झाला.

धबधब्याचं पाणी वाढतं ते आपल्या डोक्यावर पाऊस पडल्यामुळेच असं नाही. लांब वरच्या भागात पडलेला पाऊसही काही वेळात खाली पोहोचतो. पाणी अचानक गढूळ झालं, त्यातून काडीकचरा यायला लागला, आवाज वाढला, तर मोबाइल ठेवून आधी बाहेर पडायचं. शेवाळलेला कातळ कोरडा दिसला तरी निसरडा असतो. आणि फोटोग्राफीच्या दृष्टीनेही कड्याच्या टोकावरून फार काही मिळत नाही. तिथून धबधबा पूर्ण दिसत नाही, आणि शेजारी मोजमापाला काही नसल्यामुळे त्याची उंचीही कळत नाही. बुरुज आणि चंद्राचं गणित इथेही लागू होतं. मागे गेल्यावरच मोठं दिसतं.

ड्रोन उडवायचा विचार असेल तर २०२१ चे ड्रोन नियम आधी बघून घ्या. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनसाठी पायलट प्रमाणपत्राची सक्ती नाही, पण रेड झोनमध्ये परवानगीशिवाय कोणताच ड्रोन चालत नाही. किल्ले आणि अभयारण्यांच्या ठिकाणी स्थानिक परवानगीची चौकशी वेगळी करावी लागते.

या फोटोंचं पुढे काय?

बहुतेक फोटो स्टेटसवर २४ तास जगतात आणि मग गॅलरीत गाडले जातात. ते टाळायचं असेल तर 'विकिमीडिया कॉमन्स' हा एक मार्ग आहे. तिथे आपल्या गावच्या किल्ल्याचा, नदीचा फोटो स्वतःच्या नावासह आणि तारखेसह मुक्त परवान्याखाली चढवता येतो आणि विकिपीडियाच्या लेखात तो वापरला जाऊ शकतो. अनेक लहान गावांच्या लेखांमध्ये आजही एकही चांगला फोटो नाही.

साइक्स यांनी १८३५ साली इंद्रवज्राचं वर्णन छापलं, कारण त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, पण वर्णन लिहायचं राहून जातं. पुढच्या वेळी सौताड्याला गेलात, तर दहा फोटोंऐवजी एकच काढा आणि खाली दोन गोष्टी लिहा. कुठला आणि कधीचा.

तुमच्या गावातली अशी कोणती जागा आहे, जिचा फोटो पुढची पाच वर्षं त्याच दगडावरून काढायला हवा?